पिल्लांसाठी तळं: रानबदकं आणि इतर पाणपक्षी आपल्या तळ्यावर घरटं करतील अशी तयारी

माझ्या तळ्यावर पहिल्यांदा रानबदकांची जोडी उतरली तेव्हा आनंदाला पारावार नव्हता. मादीने काठच्या गवतात अंडी घातली, महिनाभर ती उबवली आणि एका सकाळी नऊ पिल्लं मागे घेऊन पाण्यात शिरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातली सहा मेली होती. कोणी खाल्ली नव्हती, रोगही नव्हता. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर होतं, काठ उभा आणि गुळगुळीत, आणि पाण्याची पातळी काठापासून वीतभर खाली गेलेली. आई उडून काठावर बसली आणि हाका मारत राहिली. पिल्लं भिंतीला लागून गोल गोल पोहत राहिली, वर चढायला जागा शोधत. दमली, भिजली, गारठली. उरलेल्या तिघांना मी जाळीने वर काढलं.

तेव्हापासून तळ्याबद्दलचा प्रत्येक निर्णय मी एका प्रश्नावर घासून बघतो: दोन दिवसांचं पिल्लू इथे काय करेल? मोठं बदक कुठेही उतरू शकतं, नाही आवडलं तर उडून जातं. पिल्लाला दीड-दोन महिने तुमच्याच तळ्यावर निभावायचं असतं. नवखे लोक आधी घरट्याची पेटी आणतात, मग दाणे, आणि तळ्याचा विचार शेवटी करतात. या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे.

आधी कोण येऊ शकतं ते ठरवा

कोणतंही काम हातात घेण्यापूर्वी एक पूर्ण हंगाम आसपासची तळी पाहा. कोणती बदकं दिसतात हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ती कोणत्या महिन्यांत दिसतात हेही. थापट्या किंवा तलवार बदक उष्ण प्रदेशांत फक्त थंडीपुरती येतात आणि वीण करायला दूर उत्तरेकडे निघून जातात. तिथे तुम्ही कितीही पेट्या टांगा, ती घरटं करणार नाहीत. त्यांना हवा असतो तो शांत मुक्काम आणि उथळ पाणी.

जी बदकं तुमच्याच भागात वीण करतात त्यांचे ढोबळ दोन गट पडतात. एक गट जमिनीवर, दाट गवतात घरटं करतो. हिरव्या डोक्याचं मॅलार्ड आणि चोचीच्या टोकावर पिवळा ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक हे या गटातले. दुसरा गट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो: काणूक, नकटा, उत्तर अमेरिकेतलं वूड डक, पूर्व आशियातलं मँडरिन, थंड प्रदेशातलं गोल्डनआय. अडई दोन्हीकडे जमवून घेते, ढोलीतही राहते आणि पाणवनस्पतींच्या झुडपातही. पेटी उपयोगी पडते ती मुख्यतः ढोलीवाल्यांना. तुमच्याकडे फक्त गवतात घरटं करणारी बदकं असतील तर पेटीचा खर्च वाचवा आणि तो पैसा काठावर लावा.

पाणी: खोली नव्हे, उथळपणा मोजा

तळं खोदणारा माणूस खोलीबद्दल अभिमानाने सांगतो. बदकाच्या दृष्टीने खोल पाणी म्हणजे जवळजवळ रिकामी जागा. वरवर चरणारी बदकं डोकं खाली आणि शेपूट वर करून तळापर्यंत मान पोचवतात, आणि ती मान साधारण 30 ते 40 सेंटिमीटरपर्यंतच पोचते. पिल्लाची तर चारदोन बोटंच. म्हणून तळ्याचा निम्म्याहून जास्त भाग गुडघाभर किंवा त्याहून कमी पाण्याचा असावा. एका बाजूला दीड-दोन मीटरचा खड्डा ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात तळं पूर्ण आटणार नाही आणि थंड प्रदेशात तळापर्यंत गोठणार नाही.

काठाचा उतार जितका सावकाश तितका चांगला. 10 मीटर चालल्यावर 1 मीटर खाली, हे प्रमाण मनात ठेवा. सगळा काठ असा करणं शक्य नसेल तर निदान एक बाजू, शक्यतो सकाळचं ऊन पडणारी, अशी करा. काठाची रेषा सरळ न ठेवता आत-बाहेर वळणं द्या. एका खाडीसारख्या कोपऱ्यातल्या जोडीला शेजारच्या कोपऱ्यातली जोडी दिसत नसेल, तर त्यांची भांडणं कमी होतात आणि त्याच पाण्यात जास्त कुटुंबं मावतात.

तळं आधीपासूनच उभ्या काठाचं असेल, अस्तराचं किंवा सिमेंटचं असेल, तर चढायला उतार बांधल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. इथे एक गोष्ट मी फार महागात शिकलो. अडकलेलं पिल्लू तळ्याच्या मध्यातून उतार शोधत नाही. ते भिंतीला अंग लावून पोहत जातं. तुम्ही काठापासून पाण्याच्या मध्याकडे झेपावणारी सुंदर फळी लावलीत तर पिल्लू तिच्या बाजूने किंवा खालून निघून जाईल. उतार भिंतीला चिकटून, भिंतीच्या दिशेनेच जाणारा हवा, म्हणजे पोहत येणारं पिल्लू आपोआप त्यावर चढतं. खालचं टोक पाणी सर्वांत कमी असतानाच्या पातळीच्याही खाली पोचलं पाहिजे. पृष्ठभाग खरबरीत हवा: काथ्याची चटई, साल न काढलेला ओंडका, किंवा एकमेकांत रुतवलेले दगड. छोट्या तळ्याला असे दोन उतार, मोठ्याला दर कोपऱ्यात एक. अस्तराच्या उघड्या पट्ट्यावर काथ्याची जाळी पसरून त्यात गवत रुजू दिलं तर वर्षभरात सगळा काठच चढण्याजोगा होतो.

किडे: पिल्लाचं खरं अन्न

मोठं बदक बिया, कोवळे कोंब, शेवाळ असं बरंच काही खातं, म्हणून लोकांना वाटतं की पिल्लंही दाण्यांवर वाढतील. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला भरपूर प्रथिनं लागतात आणि ती त्याला मिळतात पाण्यातल्या किड्यांतून. सर्वांत मोठा वाटा असतो न चावणाऱ्या, चिलटांसारख्या दिसणाऱ्या माश्यांचा. त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात राहतात, बऱ्याच जातींत त्या लालभडक असतात, आणि कोषातून माशी बाहेर पडताना पृष्ठभागावर येते. पिल्लं पाण्यावरून धावत या माश्या टिपतात. संध्याकाळी तळ्यावर या माश्यांचे थवे दिसत असतील तर तुमच्या तळ्यात पिल्लं जगू शकतात. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि हवा रिकामी असेल तर आधी तो प्रश्न सोडवा.

किडे कमी असण्याचं एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: मासे. इंग्लंडमध्ये ग्रेट लिनफर्ड इथे खडी काढून झालेल्या खाणींच्या तळ्यांवर याचा बारकाईने अभ्यास झाला. तळ्यातले मासे मोठ्या प्रमाणावर काढल्यावर पाण्यातले किडे आणि वनस्पती वाढल्या आणि शेंडीच्या बदकाची जास्त पिल्लं जगली. मासे आणि पिल्लं एकाच ताटातलं खातात, एवढं साधं त्यामागचं कारण. कार्प जातीचे मासे तर तळ उकरून पाणी गढूळ करतात, मग ऊन खाली पोचत नाही आणि पाण्याखालची झाडं मरतात. मरळ, पाईक, मोठे मांजरमासे ही शिकारी जात तर पिल्लंच गिळते. मत्स्यपालन आणि बदकांची वीण एकाच छोट्या तळ्यात साधायचा हट्ट धरू नका. दोन्हीतलं एक निवडा. तळ्याला मासे हवेतच असतील तर छोट्या, स्थानिक जाती आणि त्याही थोड्या.

डासांची भीती रास्त आहे, पण त्यासाठी मासे आणायची गरज बहुधा पडत नाही. जिथे चतुरांची पिल्लं, पाणढेकूण आणि पाणभुंगे आहेत तिथे डासांच्या अळ्यांना मोठं होणं अवघड जातं. डास जास्त होतात ते बादल्यांत, टायरांत आणि तुंबलेल्या गटारांत. तळ्यात तेल किंवा कीटकनाशक मात्र अजिबात टाकू नका, आणि वरच्या शेतातलं फवारणीचं पाणी सरळ तळ्यात उतरत असेल तर मध्ये गवताचा रुंद पट्टा ठेवा.

नवीन खोदलेल्या, चिखल नसलेल्या तळ्यात किडे लवकर यावेत म्हणून एक जुना उपाय आहे: उथळ पाण्यात पेंढा. त्याच ग्रेट लिनफर्डच्या तळ्यांवर वाया जाणारा पेंढा वापरून याचे प्रयोग झाले होते. कुजणाऱ्या पेंढ्यावर सूक्ष्मजीव येतात, त्यांच्यावर अळ्या पोसतात. पण हात आवरता ठेवा. काठालगत, हातभर पाण्यात, थोड्या सुट्या पेंढ्या दगडाने दाबून ठेवा. भाराभर पेंढा टाकलात तर तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सगळं तळं वास मारू लागतं.

झाडोरा: निम्मं झाकलेलं, निम्मं उघडं

1965 साली अमेरिकेतल्या आयोवातल्या दलदलींचा अभ्यास करताना मिल्टन वेलर आणि सेसिल स्पॅचर यांना दिसलं की जिथे उभी पाणवनस्पती आणि उघडं पाणी जवळजवळ निम्मं-निम्मं असतं आणि एकमेकांत मिसळलेलं असतं, तिथे पक्ष्यांची विविधता सर्वांत जास्त असते. खासगी तळ्यालाही हे गणित लागू पडतं. सगळीकडे पाणकणीस माजलं तर बदकाला उतरायला जागा नाही, आणि सगळं उघडं असेल तर पिल्लाला घार दिसताच लपायला जागा नाही.

पाण्यात काय लावायचं ते आपल्या भागातल्या रानतळ्यांकडून शिका. लव्हाळा, नागरमोथा, देवनळ, कुमुदिनी, पाण्याखाली वाढणाऱ्या लांब पानांच्या जाती, यातलं जे मूळचं तिथलं असेल तेच आणा. दुसऱ्या तळ्यातला चिखल बादलीभर आणून टाकला तर त्यातल्या बिया आणि किडे मिळून निम्मं काम करतात, मात्र त्या तळ्यात जलपर्णी नाही याची खात्री करून घ्या. जलपर्णीचं एक रोपही आत येऊ देऊ नका. ती पाणी झाकते, प्रकाश अडवते, आणि एकदा पसरली की तुमची उरलेली सगळी वर्षं तिला उपसण्यात जातात. पाणकणीस आवडीचं आहे, पण छोट्या तळ्यात ते दोन-तीन वर्षांत सगळा उथळ भाग व्यापतं. विणीचा हंगाम संपल्यावर ते पाण्याच्या पातळीखाली कापा. बुडालेल्या खुंटांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात.

काठावरचं गवत हा विषय जास्त नाजूक आहे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या बदकाला गुडघ्याएवढं, दाट, मागच्या वर्षीचं वाळलेलं खोड आत मिसळलेलं गवत आवडतं. म्हणजे नीटनेटक्या कापलेल्या हिरवळीच्या अगदी उलट. हे गवत तळ्याभोवती हातभर रुंद पट्ट्यात ठेवलंत तर तो सापळा होतो, कारण मुंगूस, कोल्हा किंवा कुत्रा अशा पट्ट्यातून नाक खाली घालून एकदा चालत गेला की प्रत्येक घरटं त्याला सापडतं. त्यापेक्षा एकाच बाजूला मोठा, रुंद तुकडा न कापता सोडा, जितका मोठा तितका बरा. मॅलार्डची मादी पाण्यापासून बरीच दूरही घरटं करते, तेव्हा तळ्याच्या काठाला चिकटून राहायची सक्ती नाही. कापायचंच झालं तर वीण संपल्यावर, आणि दरवर्षी फक्त एकतृतीयांश.

उंच झाडं तळ्याला सगळीकडून घेरणारी नकोत. बदकाला उतरायला आणि उठायला मोकळी वाट लागते, आणि पाण्यावर झुकलेली प्रत्येक फांदी म्हणजे कावळ्याला घरटी हेरायची बैठक.

पेटी: मापात आणि जागेत चूक नको

पेटीने खरोखर फरक पडतो हे सिद्ध झालेलं आहे. वूड डक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार कमी झालं होतं. जुनी पोकळ झाडं तोडली गेली होती आणि शिकार बेसुमार होती. शिकारीवर बंधन आलं, आणि 1930च्या दशकापासून अमेरिकेत त्याच्यासाठी लाकडी पेट्या लावायला सुरुवात झाली. आज ते तिथलं नेहमी दिसणारं बदक आहे. स्कॉटलंडमध्ये गोल्डनआयने पहिल्यांदा वीण केली ती 1970 साली, आणि पुढे तिथली संख्या वाढली त्यात पेट्यांचा मोठा हात होता.

वूड डकसाठी मानलेली मापं मध्यम आकाराच्या ढोलीवाल्या बदकांना सुरुवात म्हणून चांगली आहेत. तळ 25 ते 30 सेंटिमीटर चौरस, उंची 60 सेंटिमीटर, भोक आडवं लंबगोल: 10 सेंटिमीटर रुंद आणि साडेसात उंच. भोकाची खालची कड तळापासून 40 सेंटिमीटरच्या आसपास हवी. नकट्यासारखं मोठं बदक यात मावणार नाही, त्याला सगळंच मोठं लागतं. फळी दोन-अडीच सेंटिमीटर जाड, आतून न रंधलेली, आतल्या बाजूला रंग किंवा लाकूड टिकवायचं रसायन काही नको. छप्पर पुढे आलेलं, तळाला पाणी निचरायला चार-पाच बारीक भोकं, आणि एक बाजू उघडता येणारी, म्हणजे साफसफाई करता येते. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. बदकाला ती लागत नाही, कावळ्याला लागते.

भोकाच्या आतल्या बाजूला, तळापासून भोकापर्यंत, शिडी हवी. फळीवर बोटाएवढ्या अंतराने आडव्या खाचा पाडा, किंवा बारीक जाळीची पट्टी कडा दुमडून ठोका. आईला बाहेर पडायला ती उपयोगी आहेच, पण खरी गरज पिल्लांना आहे. एक दिवसाचं पिल्लू आपल्या इवल्या नख्यांनी या शिडीवरून चढतं. आतली फळी गुळगुळीत राहिली तर ते तिथेच खाली उड्या मारत राहील.

तळाला 8 ते 10 सेंटिमीटर लाकडाचा छिलका घाला. ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. बदकं चोचीत काड्या धरून घरट्यापर्यंत आणत नाहीत. जिथे बसतात तिथे जे असेल त्याचा खळगा करतात आणि आपल्या छातीवरची मऊ पिसं उपटून त्यात अंथरतात. रिकाम्या फळीवर अंडी गडगडतात. लाकडाचा भुसा चालणार नाही. तो ओल धरून गच्च बसतो. सुताराच्या रंध्यातून निघतो तो कुरळा छिलका हवा.

लावायची जागा: पाण्यात उभ्या केलेल्या खांबावर, सर्वांत जास्त पाणी असतानाच्या पातळीपासून दीड मीटरच्या आसपास वर, भोक उघड्या पाण्याकडे. समोर फांद्या नकोत. खांबावर पेटीच्या खाली 90 सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा शंकू उघड्या छत्रीसारखा, टोक वर ठेवून, बसवा, किंवा खांबाला गुळगुळीत पत्र्याचं लांब वेष्टन द्या. साप, मांजर, उंदीर, मुंगूस हे सगळे खांबावर चढतात. असं संरक्षण देता येत नसेल तर पेटी लावू नका. नुसती पेटी म्हणजे शिकाऱ्यांसाठी वाढलेलं ताट.

दोन पेट्या जवळजवळ, एकमेकींना दिसतील अशा लावण्याचा मोह होतो. टाळा. वूड डकच्या माद्या एकमेकींच्या मागे जाऊन दुसरीच्या पेटीत अंडी घालतात. उघड्यावर ओळीने लावलेल्या पेट्यांत हे फार वाढतं, एकेका पेटीत 30च्या वर अंडी साठतात आणि त्यातली पुष्कळशी उबतच नाहीत. एका छोट्या तळ्यावर एकच पेटी बसवा. मोठ्यावर दोन, पण मध्ये झाडी किंवा वळण असू द्या.

पेटी विणीच्या हंगामाआधी दोन-तीन महिने लावून ठेवा. थंड प्रदेशांत वीण वसंतात होते, पावसाळी प्रदेशांत बऱ्याच जातींची पावसाच्या आसपास. पहिल्या वर्षी ती रिकामी राहिली तर जागा बदलू नका. मैना, पिंगळा किंवा मधमाश्या राहायला आल्या तर त्यांनाही घर हवंच आहे. हंगाम संपल्यावर दरवर्षी जुना छिलका काढा, पेटी उन्हात सुकवा, नवीन छिलका भरा.

गवतात घरटं करणाऱ्या मॅलार्डसाठी वेगळी युक्ती आहे. जाळीचा 30 सेंटिमीटर व्यासाचा, साधारण 90 सेंटिमीटर लांबीचा नळा करा, जाळीच्या दोन थरांमध्ये वाळलेलं गवत दाबून भरा आणि आतही मऊ गवत अंथरा. दोन्ही तोंडं उघडी ठेवून हा नळा पाण्यातल्या खांबावर, पाण्यापासून मीटरभर उंचीवर आडवा बसवा. नेदरलँड्समध्ये याच कल्पनेच्या विणलेल्या टोपल्या कितीतरी पिढ्या वापरात आहेत. गवत दरवर्षी बदलावं लागतं.

बेट आणि तराफा

पाण्याच्या मधोमध बेट असणं पेटीपेक्षा मोलाचं आहे, कारण तिथे बदक, टिटवी, वारकरी नावाचा काळा पाणपक्षी, सगळ्यांनाच जागा मिळते. बेट उंच टेकडीसारखं नको. पाण्यापासून हातभर वर, सपाट आणि सावकाश उताराचं हवं. काठ आणि बेट यांच्यामधलं पाणी कोरड्या दिवसांतही चालत ओलांडता येणार नाही इतकं खोल ठेवा. बेट करणं शक्य नसेल तर तराफा: लाकडी चौकट, खाली हवाबंद पिंपं, वर माती आणि गवत, तळाला दोन नांगर, आणि दोन बाजूंनी पाण्यात बुडणारा उतार. उतार विसरला तर तराफ्यावरून पाण्यात उतरलेलं पिल्लू परत वर जाऊ शकत नाही, आणि माझ्या पहिल्या वर्षाची कहाणी पुन्हा घडते.

बदकांबरोबर येणारे बाकीचे

चांगला उथळ काठ तयार झाला की बाकीच्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही. टिबुकली पाण्यावर तरंगणारं घरटं करते, बाहेर जाताना अंडी ओल्या पाल्याने झाकते आणि पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. तिला पाण्यातून वर आलेले लव्हाळ्याचे पुंजके हवेत. पाणकोंबडीला काठची दाटी हवी. टिटवी उघड्या खडीवर अंडी घालते, तेव्हा काठापासून थोडी दूर एक खडीची, गवत नसलेली जागा सोडा. खंड्याला दोन गोष्टी लागतात: पाण्यावर बसायला एक आडवी फांदी, आणि बीळ खणायला उभा मातीचा कडा. पाकोळ्यांना घरट्यासाठी ओला चिखल लागतो, आणि तो पाणी ओसरताना काठाला आपोआप उघडा पडतो. म्हणून कोरड्या दिवसांत पातळी खाली गेली तर लगेच नळी सोडून तळं भरू नका. उघड्या चिखलावर तुतवार आणि धोबी चरायला येतात, आणि त्याच चिखलात पुढच्या हंगामातलं गवत रुजतं.

खायला घालू नका

याबाबत माझं मत ठाम आहे. पावाने बदकाचं पोट भरतं, पोषण होत नाही. वाढत्या वयात सतत नुसतं पिष्टमय खाल्लं तर पंखाचं टोक बाहेर वळून राहण्याचा धोका असतो आणि असं बदक कधीच उडत नाही. उरलेला पाव पाण्यात कुजतो, शेवाळ माजतं, उंदीर येतात. दाणे टाकले तर गर्दी होते, गर्दीत नर माद्यांना छळतात, आणि वीण करायला आलेली जोडी कंटाळून निघून जाते. शिवाय बदकं माणसाला सरावली की शेजारच्या कुत्र्यालाही घाबरेनाशी होतात.

पाळीव बदकं आणून सोडायची, म्हणजे ती पाहून रानबदकं येतील, असा सल्लाही नवख्यांना मिळतो. तो मानू नका. पाळीव बदकं बहुतेक मॅलार्डचीच वंशज, ती रानबदकांशी संकर करतात. हवाई बेटांवरचं कोलोआ हे मूळचं बदक अशाच संकराने धोक्यात आलं आहे. रोगही दोन्हीकडे ये-जा करतात.

तळ्यावर कधी शिकार किंवा गळाने मासेमारी झाली असेल तर तळातलं शिसं तपासा. बदकं अन्न दळायला बारीक खडे गिळतात, त्यात छर्रे आणि शिशाची वजनं जातात आणि विषबाधा होते. याच कारणाने अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर 1991 साली देशभर बंदी घातली. ब्रिटनमध्ये 1987 साली मासेमारीच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंधन आलं आणि त्यानंतर तिथल्या हंसांची संख्या सावरली. तळ्याभोवती तुटलेली नायलॉनची दोरी दिसली तर ती त्याच वेळी उचला.

वीण सुरू झाल्यावर

आता तुमचं मुख्य काम दूर राहणं. मॅलार्डची मादी दररोज एक याप्रमाणे 8 ते 13 अंडी घालते आणि शेवटचं अंडं पडेपर्यंत नीट उबवायला बसत नाही, म्हणून सगळी पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. अंडी घालण्याच्या दिवसांत ती बराच वेळ घरट्यापासून दूर असते आणि जाताना अंडी पिसांनी, पाल्याने झाकते. अशी झाकलेली, थंड अंडी पाहून लोक समजतात की आईने सोडून दिलं, आणि अंडी उचलून कोंबडीखाली ठेवतात. हात लावू नका. उबवायला बसल्यावरही ती दिवसातून एक-दोनदा चरायला उठते. घरट्याकडे दररोज त्याच वाटेने जाऊन पाहिलंत तर तुमच्या पायवाटेचा माग काढत मुंगूस पोचतं. दूरवरून दुर्बिणीने पाहा, तेही मोजकंच. अडईमध्ये नर आणि मादी दोघं पिल्लं सांभाळतात, मॅलार्डचा नर मात्र लवकरच निघून जातो. त्याला कोणी मारलं असं समजू नका.

विणीच्या काळात कुत्रा बांधलेला आणि मांजर घरात. वीण संपत आली की नर आणि नंतर माद्या पिसं झडून तीन-चार आठवडे उडू शकत नाहीत. त्या दिवसांतही काठचा झाडोरा कापायचा नाही.

उष्ण, साचलेल्या पाण्यात बदकं मान टाकून पडलेली दिसली तर बोट्युलिझम हा जिवाणूंच्या विषाचा प्रकार असू शकतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, अळ्यांत विष साठतं, ती खाऊन आणखी पक्षी मरतात. मेलेला पक्षी लवकर काढायला हवा, पण उघड्या हाताने नको. बर्ड फ्लूची शक्यता असते, तेव्हा आधी पशुवैद्यकीय खात्याला कळवा आणि ते सांगतील तसं करा. कायद्याचंही भान ठेवा. भारतात 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा, ब्रिटनमध्ये 1981चा, अमेरिकेत 1918चा. बहुतेक देशांत रानपक्ष्यांना पकडणं किंवा त्यांची अंडी, घरटी हलवणं गुन्हा आहे, तळं तुमच्या मालकीचं असलं तरी.

उबवण साधारण 28 दिवसांची, जातीप्रमाणे थोडी कमी-जास्त. पहिलं अंडं दिसलं तो दिवस वहीत लिहून ठेवा आणि अंडी घालण्याचे दिवस धरून तारीख काढा. पेटीतली पिल्लं बाहेर येतात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाली पाण्यावर बसून हळू आवाजात हाका मारते. पिल्लं शिडी चढून भोकात येतात आणि एकामागून एक उडी टाकतात. ती इतकी हलकी आणि मऊ असतात की त्यांना लागत नाही. तेव्हा झेलायला, मदत करायला जाऊ नका. आई घाबरून गेली तर पिल्लांना तिची हाक ऐकू येणार नाही. गवतातल्या घरट्यातून निघालेलं कुटुंब पाण्यापर्यंत पायी जातं, तेव्हा वाटेतलं फाटक उघडं ठेवा. आणि काठाचा उतार पाण्यात नीट टेकलेला आहे ना, पातळी रात्रीतून खाली गेलेली नाही ना, हे आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवा.